ओस्ती, द्राक्षरस आणि बाप्तिस्म्याचा हौद: ठाणे-नवी मुंबईत मिळणारं चर्चसाहित्य घेण्याआधी

ओस्तींचं, म्हणजे प्रभुभोजनाच्या विधीत वाटायच्या भाकरीच्या पातळ चकत्यांचं, पाकीट मागितल्यावर दुकानदाराने आधी ‘कुठल्या चर्चसाठी?’ असं विचारलं, तर ते दुकान चांगलं समजावं. ठाणे आणि नवी मुंबईत हा प्रश्न फार थोडे विक्रेते विचारतात. ऑनलाइन तर कुणीच विचारत नाही. गिऱ्हाइकं मात्र किती तऱ्हेची! मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे कॅथलिक, सीएनआयचे म्हणजे उत्तर भारतीय मंडळीचे सभासद, मेथडिस्ट, वाशी-नेरूळकडचे मल्याळी ख्रिस्ती, कळवा-दिवा-ऐरोली पट्ट्यात भाड्याच्या हॉलमध्ये जमणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्या. भाकर आणि द्राक्षरस यांतल्या प्रत्येकाला हवा. त्या भाकरीतून माणसाला नेमकं काय मिळतं, यावर मात्र एकमत नाही. १५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रॉटेस्टंट धर्मसुधारक समोरासमोर बसले, चौदा मुद्द्यांवर त्यांचं जुळलं, आणि पंधराव्या मुद्द्यातल्या एका वाक्यावर फिसकटलं: ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त भाकर-द्राक्षरसात देहरूपाने हजर असतं की नाही? ते अंतर आजही पाकिटावरच्या घटकांच्या यादीत दिसतं. त्यामुळे खाली माल तपासताना शिकवणही तपासावी लागली आहे.

आधी ओस्ती. कॅथलिक चर्चसाठी घेताना पाकिटावर दोनच गोष्टी लिहिलेल्या असाव्यात, गव्हाचं पीठ आणि पाणी. मैदा चालतो, तो गव्हाचाच. कॉर्नस्टार्च, तांदळाचं पीठ, साखर, तेल, दूध पावडर यांपैकी काहीही यादीत दिसलं तर पाकीट परत करावं. चर्चच्या कायद्याचं ९२४ वं कलम भाकर निव्वळ गव्हाची आणि ताजी असावी असं सांगतं, आणि ९२६ वं कलम लॅटिन, म्हणजे पश्चिमेच्या चर्चच्या, विधीसाठी ती बेखमीर असावी असं. या कडकपणामागे सरळ कारण आहे. कॅथलिक शिकवणीप्रमाणे मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या प्रभुभोजनाच्या उपासनेत, भाकरीचं तत्त्वच पालटतं आणि ती ख्रिस्तशरीर होते. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेने त्यासाठी तत्त्वांतराचा शब्द वापरला, ट्रेंटच्या धर्मसभेने १५५१ मध्ये ती शिकवण पक्की बांधून दिली. मूळ वस्तूच गव्हाची भाकर नसेल तर शब्द बरोबर उच्चारूनही संस्कार घडत नाही. रांगेत उभ्या असलेल्या दोनशे माणसांना त्या दिवशी ख्रिस्तशरीर मिळालंच नाही, असा त्याचा अर्थ होतो. पाकिटामागे थोडे पैसे वाचवण्यासाठी हा धोका कुणी घेऊ नये.

सर्वांत जास्त फसगत ‘ग्लुटेन-फ्री’ या लेबलाने होते. सिलिअक आजार असलेल्या, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन न सोसणाऱ्या मुलाच्या पहिल्या कम्युनियनसाठी, म्हणजे पहिल्यांदा ओस्ती घेण्याच्या विधीसाठी, आईवडील प्रेमाने ते पाकीट मागवतात आणि ऐन वेळी फादरांना नाही म्हणावं लागतं. ग्लुटेन पूर्णपणे काढलेली ओस्ती वैध नाही, हे व्हॅटिकनने जून २०१७ मध्ये जगभरच्या बिशपांना लिहिलेल्या पत्रात पुन्हा स्पष्ट केलं. अल्प-ग्लुटेन ओस्ती वैध आहे, कारण तिच्यात भाकर होण्यापुरतं ग्लुटेन शिल्लक असतं. लेबलवर नेमका हाच शब्द शोधावा, डॉक्टरांना ते प्रमाण दाखवावं आणि फादरांना काही आठवडे आधी सांगावं. ही ओस्ती वेगळ्या डबीत ठेवायची, आणि तीसुद्धा नेहमीच्या ओस्तींना लागलेल्या बोटांनी उचलायची नाही. तेवढंही झेपत नसेल तर फक्त द्राक्षरसाच्या रूपात घेता येतं, कारण एका रूपातही ख्रिस्त संपूर्ण असतो अशी शिकवण आहे. तिथेही एक अडचण आहे. मिस्साच्या विधीत फादर ओस्तीचा छोटा तुकडा मुख्य पेल्यात टाकतात, म्हणून अशा माणसासाठी दुसरा पेला लागतो. तो छोटा पेला चर्चसाहित्याच्या दुकानात सहज मिळतो, पण मागितल्याशिवाय कुणी दाखवत नाही.

सीएनआय, मेथडिस्ट आणि इतर बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ही अट इतकी आवळलेली नाही. तिथे पाव, घरची बेखमीर पोळी किंवा वेफर, पाळकांच्या संमतीने यांपैकी काहीही चालतं, आणि तांदळाचा ग्लुटेन-फ्री वेफरही बहुधा चालून जातो. ऑर्थोडॉक्स मंडळीला याच्या उलट खमिराचीच भाकर लागते. पूर्व आणि पश्चिमेच्या चर्चमध्ये खमीर असावं की नसावं यावरून अकराव्या शतकात, १०५४ च्या फुटीच्या सुमारास, कडाक्याचं भांडण झालं होतं. त्यांच्यासाठी दुकानातली पांढरी चकती भेट म्हणूनही घेऊ नये.

आता मालाची प्रत. लोकांसाठीची ओस्ती साधारण २८ ते ३५ मिलिमीटर व्यासाची असते, वेदीवर उंच धरायची मोठी ओस्ती ७० मिलिमीटरच्या आसपास. पाकीट उजेडासमोर धरून हलकं हलवावं. तळाशी पीठ साचलं असेल तर कडा नीट कापलेल्या नाहीत. ओस्तीचा पापुद्रा दोन तापलेल्या पत्र्यांमध्ये भाजतात, मग थोडा दमट करतात आणि त्यानंतर चकत्या पाडतात. दमट न करता कोरडाच कापला की कडा फुटतात आणि चुरा पडतो. जिथे प्रत्येक कणात ख्रिस्त मानला जातो तिथे तबकात उरलेला चुरा म्हणजे सेवकाची काळजी वाढली. दाबून बंद केलेल्या कडांची ओस्ती थोडी महाग पडते. कॅथलिक चर्चने तीच घ्यावी. प्रभुभोजन ही आठवण आणि साक्ष मानणाऱ्या मंडळीला साध्या कडेची पुरते.

ठाण्याचा पावसाळा या मालाचा शत्रू आहे. जुलैत उघडं पाकीट एका दिवसात लिबलिबीत होतं, आठवड्यात बुरशीचे ठिपके दिसू शकतात. रबरी कडी असलेला हवाबंद डबा घ्यावा, आत सिलिका जेलची पुडी ठेवावी. फ्रिजमध्ये ठेवू नये, बाहेर काढताच ओस्तींवर पाणी सुटतं. धूप, अगरबत्ती, डांबरगोळ्या असलेल्या कपाटात तर मुळीच नको. ओस्ती वास फार पटकन धरते, आणि डांबरगोळीची चव असलेली ओस्ती जिभेवर आलेलं लहान मूल ती थुंकूही शकतं. पाच हजार ओस्तींचं खोकं स्वस्त पडतं खरं, पण जून ते सप्टेंबर पाचशे ओस्तींची पाकिटंच घ्यावीत.

द्राक्षरसाकडे वळू. दारूविक्रीचा परवाना नसलेल्या दुकानाने ‘अल्टर वाइन’ म्हणून बाटली पुढे केली तर घेऊ नये. कायद्याचा प्रश्न आहेच, शिवाय आत काय आहे याची हमी कोण देणार? कॅथलिक चर्चला द्राक्षांपासून आंबवलेली, काहीही न मिसळलेली, न बिघडलेली वाइन लागते. विधीत तिच्यात पाण्याचे थोडे थेंब घालतात. ती फादरांमार्फत किंवा चर्चच्या कार्यालयामार्फतच मागवावी. मद्याचा त्रास असलेल्या धर्मगुरूंना बिशपांच्या परवानगीने मुस्तुम वापरता येतो. मुस्तुम म्हणजे ताजा, किंवा गोठवण्यासारख्या उपायाने आंबणं थांबवलेला द्राक्षरस. बाजारातला टिकाऊ रस म्हणजे मुस्तुम, असं परस्पर धरून चालू नये.

मेथडिस्ट आणि बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्यांत न आंबलेलाच रस असतो. या प्रथेमागे एक दंतवैद्य आहे. थॉमस ब्रॅमवेल वेल्च या अमेरिकन मेथडिस्टाने १८६९ मध्ये द्राक्षरस बाटलीत तापवून आंबणं थांबवलं, चर्चमध्ये वाइनऐवजी तो वापरता यावा म्हणून. आपल्याकडच्या दुकानांत याच नावाखाली जे मिळतं त्यातलं बरंचसं रस या शब्दाला पात्र नाही. ‘ड्रिंक’ किंवा ‘नेक्टर’ लिहिलेलं असेल तर आत साखर, पाणी, आम्ल आणि रंग आलेच; कित्येकदा सफरचंदाचा रसही असतो. ‘द्राक्षवेलाचा उपज’ असे प्रभूचे शब्द आहेत. प्रभुभोजन केवळ आठवण मानणाऱ्यांनीही आठवण तरी खऱ्या द्राक्षाची ठेवावी, एवढा आग्रह धरायला हरकत नाही.

त्यापेक्षा घरी केलेला मनुकांचा रस कितीतरी चांगला. तासगावच्या काळ्या मनुका पाव किलो घ्याव्यात, गंधकाची धुरी दिलेला पिवळा बेदाणा नको. मनुकांवर तेलाचा हात असतो, म्हणून आधी कोमट पाण्याने दोनदा धुवाव्यात, नाहीतर पेल्यात वर तवंग दिसतो. एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी मंद आचेवर वीस मिनिटं उकळवावं, गार झाल्यावर कुस्करून दुहेरी मलमलीतून गाळावं. साधारण पाऊण लिटर रस मिळतो. साखर घालू नये. तो शनिवारी करून फ्रिजमध्ये ठेवावा. एप्रिल-मेमध्ये बाहेर राहिला तर दुसऱ्या दिवशीच फेस धरू लागतो, आणि मग न आंबलेला रस हवा म्हणून केलेला खटाटोप वाया जातो. जानेवारी ते एप्रिल नाशिकची काळी द्राक्षं मिळतात, त्या दिवसांत ताजा रस काढावा.

छोटे पेले आणि त्यांचं तबक घेताना मोजपट्टी सोबत न्यावी. चाळीस छिद्रांचं तबक सर्रास मिळतं, पण पेले वेगळ्या कारखान्याचे असले की छिद्रात अडकतात किंवा खाली घसरतात. तबकासोबत दहा पेले बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पेल्यात दहा मिलिलिटर पुरे. चाळीस पेल्यांना चारशे मिलिलिटर, म्हणजे वरच्या पाऊण लिटरमध्ये पंचाहत्तर माणसं. काठोकाठ भरलं की तबक फिरवताना सांडणारच. काचेचे पेले धुवायला वेळ घेतात, तरी तेच घ्यावेत.

वेफर आणि रस एकत्र बंद केलेल्या डब्या करोनाच्या काळात सगळीकडे पोचल्या. त्या सोयीच्या वाटतात, तरी त्यांची शिफारस करवत नाही. वरचा पातळ पापुद्रा आणि खालचा फॉइल एकमेकांना चिकटलेले असतात. वयस्कर माणसाच्या हातून दोन्ही एकदम निघतात आणि रस साडीवर सांडतो. प्रार्थनेच्या शांततेत शंभर डब्यांचा चरचर आवाज येतो. उन्हात ठेवलेल्या मालाची झाकणं फुगतात, तसली एकही डबी वाटू नये. मोठी अडचण शिकवणीची आहे. कॅथलिक विधीत हा प्रकार बसतच नाही. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, वळणाच्या उपासनेत आशीर्वाद दिलेली भाकर आणि रस उरला तर तो तिथेच आदराने संपवायचा असतो. मग न उघडलेल्या वीस डब्या आशीर्वादित धरायच्या की नाही? त्या परत खोक्यात टाकून पुढच्या महिन्यात वापरायच्या का? झ्विंग्लीच्या वाटेने जाणाऱ्या, प्रभुभोजन केवळ आठवण मानणाऱ्या मंडळीला हा प्रश्न पडत नाही. सीएनआयमध्ये अँग्लिकनही सामील आहेत, म्हणून तिच्या मंडळीला तो पडायला हवा आणि त्याचं उत्तर पाळकांकडून आधी घ्यायला हवं.

बाप्तिस्म्याच्या साहित्यात शिंपला किंवा छोटा जग घेणं सोपं. शिंपल्याला ओतायची चोच असावी, कारण पाणी डोक्यावरून वाहायला हवं. ओला कापूस टेकवला तर बाप्तिस्म्याबद्दलच शंका उरते. खरी काळजी हौदाची. बाप्टिस्ट, ब्रदरन आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या विश्वास कबूल केलेल्या व्यक्तीलाच, पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. त्यांच्यासाठी पाइपांच्या सांगाड्यावर ताडपत्री ताणलेले घडीचे हौद विकायला असतात. जाहिरातीत ‘कुठेही मांडा’ असं लिहिलेलं असतं, आणि ते धोकादायक आहे. १.८ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद हौदात पाऊण मीटर पाणी भरलं की ते सुमारे १,२०० लिटर होतं, म्हणजे सव्वा टनाच्या जवळपास. जमिनीच्या दर चौरस मीटरवर ७५० किलो, आणि आत उतरलेली माणसं वेगळी. राहत्या इमारतीच्या स्लॅबसाठी आपलं बांधकाम मानक दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतं. सोसायटीच्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये हा हौद भरणं म्हणजे खालच्या घरातल्या माणसांचा जीव टांगणीला लावणं. हौद फक्त तळमजल्याच्या पक्क्या जमिनीवर मांडावा. अर्ध्या इंची नळीने मिनिटाला दहा लिटर पाणी धरलं तर भरायला दोन तास लागतात, तेव्हा उपासनेच्या अर्धा तास आधी नळ सोडून भागत नाही. खाली एक इंचाची तोटी नसलेला हौद घेऊ नये, नाहीतर रिकामा करायला बादल्या लागतात. आत चढायच्या पायरीला रबर असावं. तारेचा माइक आणि पाण्यात बुडवायचा हीटर हौदाच्या जवळपासही नको. पाळकांनी बिनमाइकचं बोलावं.

हा हौद आणि तो शिंपला यांमध्ये तारणाचा सगळा वाद उभा आहे. पाण्यापासून आणि आत्म्यापासून जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही, हे योहान ३:५ कॅथलिक शिकवण अक्षरशः घेते. म्हणून तान्ह्या बाळालाही स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, देतात. ज्याला तो मिळू शकला नाही त्याच्यासाठी इच्छेचा आणि रक्ताचा बाप्तिस्मा मानतात. ल्यूथरन शिकवणीतही बाप्तिस्म्यातून देव खरोखर कृपा देतो. बाप्टिस्ट म्हणतात, तारण विश्वासानेच झालं. पाणी ही त्या विश्वासाची आज्ञाधारक साक्ष. मार्क १६:१६ हे वचन दोघेही पुढे करतात. पहिल्या अर्ध्यात विश्वास आणि बाप्तिस्मा दोन्ही आहेत, दुसऱ्या अर्ध्यात दोषी ठरण्याचं कारण फक्त अविश्वास आहे. येशूसोबत वधस्तंभावर टांगलेल्या आणि त्याच्याकडून स्वर्गाचं वचन मिळालेल्या चोराला तर पाणी मिळालंच नाही. महाराष्ट्राला हा प्रश्न पंडिता रमाबाईंच्या आयुष्यातून ओळखीचा असायला हवा. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला झाला. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र त्यानंतर काही वर्षांनी भेटला, अशी साक्ष त्यांनी पुढे स्वतःच दिली. त्यांचं तारण कोणत्या दिवशी झालं, याचं उत्तर हौदवाले आणि शिंपलेवाले वेगवेगळं देतील. सीएनआयने १९७० मध्ये नागपूरला एकत्र येताना दोन्ही पद्धती मान्य केल्या, म्हणून तिथल्या काही मंडळ्यांना दोन्ही वस्तू लागतात. मुक्तिफौजेला, म्हणजे साल्व्हेशन आर्मीला, यातलं काहीच लागत नाही. ती १८८२ मध्ये मुंबईत आली आणि पुढच्याच वर्षी तिने बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन दोन्ही विधी थांबवले. आतला बदल घडला तर बाहेरच्या चिन्हाची गरज नाही, या भूमिकेने.

अभिषेकाच्या तेलाबद्दल थोडक्यात. कॅथलिक रुग्णाभ्यंगाचं, म्हणजे आजाऱ्यांना लावायचं, तेल साधारणपणे पवित्र सप्ताहाच्या सुमारास बिशप आशीर्वादित करतात, ते दुकानात मिळतच नाही. याकोब ५:१४ प्रमाणे आजाऱ्यावर प्रार्थना करणाऱ्या मंडळीने साधं ऑलिव्ह तेल घ्यावं. दालचिनीचा अर्क घातलेल्या सुगंधी बाटल्या नाजूक कातडीला भाजतात. बाटलीवर चमत्काराची हमी छापली असेल तर ती फळीवरच राहू द्यावी.

पत्रकांच्या रॅकवर सर्वांत वाईट माल असतो, आणि तो फुकट किंवा रुपया-दोन रुपयांत मिळतो म्हणून कुणी तपासत नाही. एका प्रकारात चार पायऱ्या आणि शेवटी छापील प्रार्थना असते: ही म्हणा, तारण झालं. मंडळी नाही, बाप्तिस्मा नाही, पश्चात्तापाचं फळ नाही. कसलेला बाप्टिस्ट पाळकही शब्द पुटपुटल्याने तारण होतं असं शिकवत नाही. दुसऱ्या प्रकारात नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे तीच प्रार्थना, करा, इतक्या प्रती वाटा, मागणी हमखास पुरी, असं असतं. कॅथलिक शिकवणीत याला अंधश्रद्धाच म्हणतात. चांगलं पत्रक ओळखायची एक कसोटी आहे. त्यात रोमकरांस ३:२८ आणि याकोब २:२४ दोन्ही आहेत का ते पाहावं. पहिलं वचन नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरण्याबद्दल आहे. ‘केवळ’ हा शब्द त्यात मुळात नाही, तो ल्यूथरने जर्मन भाषांतरात घातला. ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द याकोबाच्या पत्रात येतात, आणि ते ‘नव्हे’सोबत. ट्रेंटने १५४७ मध्ये केवळ विश्वासाच्या शिकवणीवर बंदीचे नियम केले खरे, पण ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्गला कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी संयुक्त घोषणेवर सही केली: देव आपल्याला आपल्या पुण्याईवर नव्हे, कृपेनेच, ख्रिस्तावरच्या विश्वासात स्वीकारतो, आणि तीच कृपा सत्कर्मांना उभं करते. मेथडिस्ट २००६ मध्ये आणि रिफॉर्म्ड मंडळ्या २०१७ मध्ये त्यात सामील झाल्या. पाव आणि पेल्यावरचं अंतर अजून तसंच आहे, पण ‘ते कर्मांनी स्वर्ग विकत घेतात’ किंवा ‘त्यांना सत्कर्मांची पर्वा नाही’ असं छापणारं पत्रक आता सरळ खोटं ठरतं. ते वाटू नये.

शेवटी बाप्तिस्म्याच्या दाखल्याचं पुस्तक. हे बहुतेक जण नक्षी पाहून घेतात आणि वीस वर्षांनी लग्नाच्या वेळी अडकतात. कॅथलिक मुलगी आणि पेंटेकॉस्टल मुलगा फादरांकडे गेले की पहिला प्रश्न त्याचा बाप्तिस्मा वैध होता का हाच असतो. पाणी होतं आणि ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने’ हे शब्द होते, तर तो सहसा मानला जातो, मग बुडवून दिलेला असो की ओतून. फक्त ‘येशूच्या नावाने’ दिलेला मानला जात नाही. ‘मी तुला’ऐवजी ‘आम्ही तुला’ म्हटलं असेल तरी तो अवैध, असं व्हॅटिकनने २०२० मध्ये सांगितलं. दाखल्यावर हे काही लिहिलेलंच नसेल तर साक्षीदार शोधत हिंडावं लागतं, आणि कित्येकदा तो हॉलही जागेवर राहिलेला नसतो. नाव, जन्मतारीख, आईवडील, तारीख आणि ठिकाण, देणाऱ्याचं नाव व मंडळी, दोन साक्षीदार, उच्चारलेले शब्द आणि पद्धत, एवढे रकाने असलेलंच पुस्तक घ्यावं, मागे स्थळप्रत असलेलं. शेवटचे दोन रकाने बाजारातल्या बहुतेक पुस्तकांत नसतात. असं पुस्तक आधीच घेतलं असेल तर ते शब्द समासात पक्क्या शाईने लिहून पाळकांची सही घ्यावी, आणि तेच स्थळप्रतीवरही उतरवावं.